डेअरीच्या फळ्यावर लिव्हरचं फॅट

शीर सापडली नाही म्हणून माझ्यासमोरून कुणी परत गेलंय, असं आजवर झालेलं नाही. ही फुशारकी आहे, आणि ती मारायचा मला हक्क आहे. बीडमधल्या एका लॅबमध्ये वीस-बावीस वर्षं मी लोकांच्या दंडाला रबर बांधतेय. ऊसतोडीहून आलेले टणक दंड बघितले, बाळंतिणींचे सुजलेले हात बघितले, सुई दिसताच डोळे पांढरे करणारे पहिलवानही बघितले. हात हलका आणि तोंड जड, असं लॅबमध्ये माझ्याबद्दल बोलतात. तोंडाचं मी नाकारत नाही. ते वडिलांकडून आलंय.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. माहेर नेकनूरच्या पुढं चार-पाच किलोमीटरवर. आजा मेंढरांमागं फिरला, आबांनी मेंढरं विकून म्हशी केल्या आणि पुढं गावची डेअरी चालवायला घेतली. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, वजनकाटा, फॅट मोजायचं मशीन आणि दाराशी एक काळा फळा. सकाळ-संध्याकाळ ज्यानं दूध घातलं त्याचा नंबर, किती लिटर आणि किती फॅट, हे आबा खडूनं त्या फळ्यावर लिहितात. दुधात पाणी निघालं तर फॅटच्या जागी 'पाणी' असं लिहितात. पुढच्या वेळचं दूध यायच्या आधी ओल्या फडक्यानं फळा पुसायचा. तेवढा वेळ मात्र ते अक्षर गावानं वाचायचं. आता मशीनमधून छापील पावती निघते. आबा पावतीही देतात आणि फळाही लिहितात.

या फळ्यापुढं नातं चालत नाही. माझ्या आत्याचे यजमान त्याच गावचे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. बहिणीचा नवरा म्हणजे आमच्याकडं केवढा मान. आबांचे हे दाजी दारात आले की आबा हातातलं काम टाकून आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचे. पण एकदा, भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी, दाजींच्या दुधात पाणी निघालं. मामा म्हणाले, "पाव्हणं, किटली इसळताना ऱ्हायलं असंल. थोड्या पाण्यानं काय हुतंय?" आबांनी खडू उचलला आणि मामांच्या अकरा नंबरापुढं लिहिलं, 'थोडं पाणी'. थोडं म्हणाले ना, म्हणून थोडं. त्या दिवसापासून मामांनी आमच्या घरचा चहा सोडला. दूध मात्र सोडलं नाही, कारण आबांच्या मशीनवर फॅट खरं लागतं हे त्यांनाही माहीत होतं.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात आबांच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. मुतखडा असेल म्हणून मी त्यांना बीडला आणून सोनोग्राफी केली. खडा नव्हता. निघालं ते फॅटी लिव्हर, ग्रेड टू. आता आबा माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ पडल्याला तीस वर्षं झाली. दारू तर सोडाच, शेजारी मटण शिजलं तरी हे ताट उचलून परसात जाऊन जेवतात. परतीच्या एसटीत शेजारच्या माणसानं विचारलं, "आबा, काय निघालं?" दुसरा कुणी 'गॅस हाय' म्हणून मोकळा झाला असता. आबांनी सरळ सांगितलं, "लिव्हरला चरबी हाय म्हनं."

झालं. आमच्याकडं लिव्हर म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं आधी बाटली येते. गावानं आजवर लिव्हरनं गेलेले जे बघितले ते पिऊनच गेलेले, मग लोकांनी दुसरं काय समजावं? मामांना तर आयतंच सापडलं. पारावर बसून म्हणाले, "माळ गळ्यात आन बाटली कंबरंला." उचलली जीभ, लावली टाळ्याला. चार दिवसांत असं व्हायला लागलं की आबा मशीनवर वाकले की दोघं-तिघं उगीच जवळ सरकायचे, तोंडाचा वास घ्यायला. आत्यानं हे फोनवर रडत सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मामा कधी लॅबमध्ये रक्त द्यायला येऊ देत, सगळ्यात जाड सुई त्यांच्यासाठी ठेवते. ठेवली नसती, पण बोलून घेतलं.

आबांना मी नाही तरी चार वेळा समजावलं. मेंढरांमागं पायाला चक्र होतं तेव्हा तुमच्या पोटाला चरबी शिवली नाही. आता दिवसभर खुर्ची, गोडमिट्ट चहाचे दहा कप, एकादशीला तूप घालून साबुदाणा, आणि वर शुगर. दारू न पिताही लिव्हरला चरबी धरते, पाहिजे तितक्या माणसांना धरते. आबा ऐकून घ्यायचे आणि एकच म्हणायचे, "मग तसं कागदावर लिहून आण. दारूनं न्हाई म्हणून." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सोनोग्राफीत चरबी दिसते, ती कशानं आली ते दिसत नाही. असला कागद कोण देणार?

"तुला वाटतंय माझी डेअरी मशीनवर चालती," आबा एकदा म्हणाले. "माझ्या शब्दावर चालती ती. मीच खोटा ठरलो तर आजवर फळ्यावर जे जे 'पाणी' लिवलं ते बी खोटंच की. मग लोकांनी कशापायी ऐकायचं माझं?" पोळ्यापर्यंत बघतो, नाहीतर डेअरी दुसऱ्याच्या हवाली करतो, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. मी त्यांना ओळखते. त्यांनी ती केलीच असती, आणि नंतर ओसरीवर बसून सहा महिन्यांत म्हातारे झाले असते.

पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये एक मॅडम आल्या. मोठ्या शहरातल्या संशोधन केंद्रातल्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं मोजकं. त्यांना फॅटी लिव्हरच्या माणसांचं आणि लिव्हर चांगलं असलेल्या माणसांचं रक्त हवं होतं, आणि तेही खेड्यातल्या माणसांचं. त्यांनी मला तासभर बसवून समजावलं. प्रत्येक पेशीत मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारके तुकडे असतात. पेशीनं कोणतं प्रथिन किती बनवायचं, कुठं थांबायचं, याला लगाम घालणं हे त्यांचं काम. लिव्हरचे असे काही ठरलेले तुकडे आहेत, ते दुसऱ्या अवयवात फारसे नसतात. लिव्हर चरबीनं बेजार झालं की ते रक्तात जास्त उतरायला लागतात, आणि रक्तात लवकर मोडतही नाहीत. सोनोग्राफीत चरबी दिसते, पण आत सूज किती आणि लिव्हर निबर व्हायला लागलंय का, हे तिला नीट सांगता येत नाही. खात्री करायची तर आज पोटात सुई घालून लिव्हरचा कण काढावा लागतो. ते काम हातातून काढलेल्या रक्तावर भागेल का, हे मॅडमना तपासायचं होतं. मी म्हटलं, भागणार. मॅडम सावध बाई, म्हणाल्या, "बघूया."

मला हे मनापासून पटलं. वीस वर्षं मी ज्या रक्तात साखर आणि कावीळ शोधत होते, त्यात एवढं बारीक बोलणं चाललेलं असतं हे ऐकून मला माझ्याच कामाचा अभिमान वाटला. मी लगेच सांगून टाकलं, माझ्या माहेरची वीस माणसं मी देते.

पण मी एक चूक तिथंच केली. संमतीपत्रावर स्वच्छ लिहिलेलं होतं की हे संशोधन आहे, कुणाला स्वतःचा वेगळा रिपोर्ट मिळणार नाही. मॅडम तोंडानंही बोलल्या होत्या की चरबी दारूनं की बिनदारूनं, हे ओळखायचा दाखला म्हणून ही तपासणी धरायची नाही. तेवढ्यासाठीच तर फॉर्ममध्ये दारूचा प्रश्न असतो. हे सगळं कळून मी आबांना काय सांगितलं? "आबा, थांबा थोडं. आता तुमचं रक्तच बोलंल." त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवत नव्हता, दुसरं काही कारण नाही. ते ऐकून आबा कित्येक दिवसांनी पोटभर जेवले, आणि मग मला ते वाक्य मागं घेता येईना.

मे महिन्यात एका सकाळी डेअरीवरच रक्त घ्यायचं ठरलं. सगळं गाव दूध घेऊन तिथं येतंच. उपाशीपोटी या म्हणून आदल्या दिवशी बजावलं होतं, तरी तिघं चहा ढोसून आले. "चहा काय खाणं असतंय व्हय?" म्हणून वर मलाच विचारतात. त्यांना परत पाठवलं. राहिले अठरा. आबा पहिले बसले, सगळ्यांदेखत, बाही वर करून. "घे," म्हणाले, "कमी पडलं तर आनखी घे." मग मागून एकेक आला.

फॉर्म मी मोठ्यानं वाचून भरत होते, कारण निम्म्या लोकांचे चष्मे घरी राहिलेले. शुगर आहे का, बीपी आहे का, दारू घेता का. हा प्रश्न मी दुधाच्या रांगेसमोर, बायका किटल्या घेऊन उभ्या असताना, एकेका बाप्याला विचारला. सगळे म्हणाले, न्हाई. मामा तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "अजाबात न्हाई," आणि आबांकडं बघून हसले. आत्या मागंच उभी होती, तिनं खाली बघितलं. मी लिहिलं, 'नाही'. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतंय, हे मला कळत होतं. पण फॉर्ममध्ये माणूस सांगेल ते लिहायचं असतं, असं म्हणून मी पुढं सरकले.

आणि मग बर्फ. मॅडमनी थंड ठेवायच्या जेलच्या पिशव्या आणि एक डबा दिला होता, सोबत कसं ठेवायचं त्याचा कागद. मला त्या पिशव्या बघूनच हसू आलं. मे महिन्यातलं आमचं ऊन या पिशव्यांनी काय ऐकणार? मी लहान होते तेव्हा आबा दुधाचे कॅन बीडला पाठवायचे, आणि उन्हाळ्यात बर्फात खडेमीठ टाकायचे. मिठानं बर्फ जास्त कडक थंड होतो, दूध नासत नाही, हे मी सहाव्या वर्षापासून बघत आलेय. आबांना सांगितलं, त्यांनी बर्फाची लादी फोडून आणली, मी तिच्यावर ओंजळभर मीठ टाकलं आणि जांभळ्या टोपणाच्या अठराच्या अठरा नळ्या गळ्यापर्यंत आत रोवल्या. आबा म्हणाले, "आता दिल्लीला गेलं तरी नासत न्हाई." आम्ही दोघंही खूष होतो.

बीडला येऊन वेळेत नळ्या मशीनवर फिरवल्या. रक्त फिरवलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळं पाणी उरतं. ते कसं हवं, तर करडईच्या तेलासारखं. काही नळ्यांत होतं तसं, पण बऱ्याच नळ्यांत गुलाबी झाक होती, आणि बाजूच्या दोन-तीन तर चांगल्याच रंगल्या होत्या. मी बघितलं. साध्या तपासण्यांना एवढं तेवढं चालून जातं. मी मनात म्हटलं, थोड्या रंगानं काय होतंय. फॉर्मवर रंगाचा एक रकाना होता, त्यात मी अठरा वेळा 'ठीक' लिहिलं आणि नमुने पाठवून दिले.

आठवड्याभरानं मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, एकही नमुना चालणार नाही, ज्यांत डोळ्यांना रंग दिसत नाही त्यांतही लाल पेशी फुटल्यात. मी भडकले. वीस वर्षं सुई धरतेय, पेशी फुटायला मी काय नवशिकी आहे? तुमच्या माणसानं वाटेत आपटले असतील, गाडीत तापले असतील, तुमचं मशीनच बघा आधी. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी येते. तुम्ही कसं केलंत ते मला दाखवा."

आल्या. मी ऐटीत रक्त काढून दाखवलं, त्यात खोट काढायला जागाच नव्हती. मग म्हटलं, बर्फ असा, त्यावर मीठ असं.

"मीठ?" मॅडम म्हणाल्या.

त्यांनी त्या बर्फात थर्मामीटर धरला आणि काटा मला दाखवला. शून्याच्या कितीतरी खाली. दुधाचा कॅन मोठा, त्याला ते सोसतं. बोटभर नळीतलं रक्त काठानं गोठतं, आणि गोठलं की लाल पेशी फुटतात. लाल पेशींतही त्यांचे स्वतःचे मायक्रोआरएनए भरपूर असतात. पेशी फुटल्या की ते सगळे बाहेर सांडतात, आणि मग लिव्हरचे कोणते, किती, काही हिशेब लागत नाही. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त फॉर्म पुढं ठेवून त्यांनी रंगाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तेव्हा दिसलं नव्हतं का?"

दिसलं होतं. मी तसं सांगितलं. आणि सांगताना मला मामांची किटली आठवली, थोड्या पाण्यानं काय हुतंय. मामांनी निदान तोंडानं थोडं तरी कबूल केलं होतं. मी अठरा वेळा 'ठीक' लिहून बसले होते. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, लोक पुन्हा रक्त द्यायला तयार असतील तरच तुमचं गाव ठेवते. आता खेड्यात पुन्हा रक्त मागणं म्हणजे काय, ते त्यांना काय माहीत. एका थेंबाला किती भाकरी लागतात, हे ऐकवणारी माणसं आमची. लॅबमध्येच कुणी म्हणालं, मशीन बिघडलं म्हणून सांगा. सांगता आलं असतं, कुणी पडताळायला आलं नसतं. पण आबांच्या डेअरीच्या दारात उभं राहून, त्या फळ्याशेजारी, मशीन बिघडलं म्हणणं माझ्या तोंडून निघणार नव्हतं. शिवाय आबांना ते दुसरंही सांगायचं होतं, ते जास्त अवघड होतं.

पुन्हा उपाशीपोटी या, का ते समोर सांगते, एवढाच निरोप आदल्या दिवशी धाडला आणि नळ्या घेऊन मी सकाळच्या दुधाला गेले. अठराही जण रांगेत होते, मामा होते, आत्याही होती. मी उगीच प्रस्तावना केली नाही. म्हटलं, तुमचं रक्त वाया गेलं. चूक माझी. मी नळ्या मिठाच्या बर्फात घातल्या, त्या गोठल्या. मला रंग दिसला होता तरी मी ठीक म्हणून लिहिलं.

"बर्फ मी आणलता," आबा म्हणाले.

"नळ्या मी ठेवल्या, आबा. मीठ मी टाकलं. तुमी मधी पडू नका."

मामा बरं असं सोडतील? "म्हंजी आज तुमच्या घरचं नासलं म्हणायचं," म्हणाले. काहीजण हसले. मी म्हटलं, "हां मामा, नासलं. थोडं नाही, सगळं." 

मग मी आबांकडं वळले. घरात नेऊन सांगावं असं वाटलं होतं, पण आशा मी लावली ती उघड्यावर फिरली होती, आबांनी दहाजणांना सांगितलं होतं की माझं रक्त बोलणार. म्हणून तिथंच सांगितलं. "आबा, आणखी एक. या तपासणीत तुमी दारू पिता का न्हाई ते निघणार न्हाई. तुमच्या नावाचा कागद बी येणार न्हाई. मला आधीच माहीत होतं. मी तुमाला खोटी आशा लावली."

आबा मशीनचा कप हातात धरून उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"म्हंजी माझं रक्त माझ्या बाजूनं बोलणार न्हाई?"

"न्हाई, आबा."

 मला वाटलं, आता हे डेअरीची किल्ली काढून कुणाच्या तरी हातात देतील, पोळ्याची वाट न बघता.  आबांनी धोतराला हात पुसले, खडू घेतला आणि फळ्यापाशी गेले. आमच्या घरचा नंबर एक. त्याच्यापुढं लिटर आधीच लिहिलेले होते, फॅटही. त्यांनी पुढं लिहिलं, 'लिव्हर, फॅट हाय. दारू न्हाई.' अक्षर नेहमीचंच, ना लहान ना मोठं. मग मागं वळून म्हणाले, "माझ्यावतीनं बोलायला मला रक्त कशाला पायजे? मी आजपातुर हितं जे लिवलं त्यातलं एक तरी खोटं निघालं असंल तर त्यानं सांगावं. त्याचं ऐकून मी ही ओळ पुसतो."

 मी मामांकडं बघितलं. खरं तर सगळेच बघत होते, आत्यासुद्धा. मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग किटली खाली ठेवून पुढं आले आणि आबांच्या हातातला खडू मागून घेतला. अकरा नंबरापुढं त्यांनी लिहायला सुरुवात केली. त्यांचा हात लिहिण्याचा नव्हे, वेळ लागला. 'लिव्हर फॅट हाय', एवढं झालं. त्यांचीही सोनोग्राफी झाली होती आणि तो कागद त्यांनी कुणाला दाखवला नव्हता, हे आत्याला सोडून आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग थांबले, आणि पुढं लिहिलं, 'दारू हाय'.

"एवढं मोठं अक्षर काढायची काय गरज होती?" आत्या म्हणाली. त्यावर सगळी रांग हसली, मामाही हसले, आणि आत्या पदरानं डोळे पुसायला लागली.

"पाव्हणं," मामा आबांना म्हणाले, "पारावर मी बोललतो. माझं मला झाकायचं हुतं."

"ठाव हाय," आबा म्हणाले. "च्या घेऊन जावा आज घरी."

मामांनी मला विचारलं, आता त्यांचं रक्त चालणार का. म्हटलं, चालेल, पण दुसऱ्या गटात जाईल, पिणाऱ्यांच्या. आणि तेव्हाच मला धसका बसला की पहिल्या खेपेला नळ्या चांगल्या निघाल्या असत्या, तर मामांचं रक्त न पिणाऱ्यांच्या गटात जाऊन बसलं असतं, माझ्या अक्षरातल्या 'नाही'सकट. बर्फानं नासवलं ते दिसलं तरी. ते 'नाही' कुठल्याच मशीनला दिसलं नसतं. बाकीचेही त्याच सकाळी पुन्हा रक्त द्यायला तयार झाले, आणि या खेपेला मी प्रत्येकाला आमच्या घराच्या आतल्या खोलीत एकट्याला नेऊन विचारलं. अठरांपैकी मामा सोडून आणखी चौघांनी उत्तर बदललं. ती नावं माझ्या पोटात राहतील.

रक्त घेतलं, जेलच्या पिशव्यांवर फडकं घालून त्यावर नळ्या उभ्या ठेवल्या, कागदावर होतं तस्सं, आणि बीड गाठलं. फिरवून एकेक नळी उजेडात धरून बघितली. पिवळ्याधमक, एकीतही झाक नाही. मॅडमना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "छान. हे सगळे घेते." मॅडमचं काम अजून चाललंय. आमच्या आबांच्या लिव्हरचे ते तुकडे कुठल्याशा थंड कपाटात आहेत आणि एक दिवस कुणाच्या तरी पोटातली सुई त्यांच्यामुळं चुकेल, याबद्दल मला शंका नाही. मॅडमना असू दे.

त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं मी परत माहेरी गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण मला आबांचं तोंड बघायचं होतं. संध्याकाळचं दूध यायला थोडा वेळ होता. आबा ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी उभे.

"रंग कसा हाय?" त्यांनी न वळता विचारलं.

"करडईच्या तेलागत."

"मग ठीक." त्यांनी वरून पुसायला सुरुवात केली. त्यांची स्वतःची ओळ सगळ्यात वर होती. मी पटकन म्हटलं, "आबा, ती ओळ तरी ऱ्हाऊ द्या. चार दिवस दिसू द्या लोकांना."

आबांनी फडकं फिरवलं आणि ओळ गेली. "कशाला?" म्हणाले. "वाचली समद्यांनी."